पोलीस कोणाचा?

१८७२च्या भारतीय पुरावा कायद्यातले २५वे कलम एका ओळीचे होते. आरोपीने पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब त्याच्याविरुद्ध सिद्ध करता येणार नाही, एवढेच त्यात म्हटले होते. त्याच काळात इंग्लंडात पोलिसापुढे राजीखुशीने दिलेली कबुली कोर्टात चालत असे. दोन्हीकडे राज्य एकाच सत्तेचे होते. लंडनच्या शिपायाच्या शब्दावर तिचा भरवसा होता, हिंदुस्थानातल्या शिपायाच्या शब्दावर नव्हता. ही खबरदारी अनुभवातून आलेली होती. १८५५ साली मद्रास इलाख्यातल्या छळाच्या चौकशीचा अहवाल आला. सारा वसूल करण्यासाठी आणि गुन्हा कबूल करवून घेण्यासाठी सरकारी नोकर रयतेचे काय हाल करतात, हे त्या अहवालामुळे सरकारच्याच कागदावर आले. पुढे काही वर्षांतच कायद्याने पोलिसापुढची कबुली बाद ठरवली. १ जुलै २०२४ पासून पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. त्यात कलमाचा आकडा २३ झाला, तरतूद मात्र तशीच राहिली.

ती राहिली हे मला योग्यच वाटते. कोठडीतल्या माणसाचे तेवढेच संरक्षण आहे. पण स्वतंत्र देशाला आपल्या पोलिसाविषयी दीडशे वर्षांपूर्वीची खबरदारी अजून घ्यावी लागते, याचा अर्थ काय? लोक आणि पोलीस यांच्यात हे अंतर कधी पडले, ते कधी कमी झाले का, आणि झाले असेल तर कोणी काय केल्यामुळे? महाराष्ट्रापुरता या प्रश्नांचा माग काढला तरी पुष्कळ काही हाती लागते. माझ्या मते सगळा मामला दोन गोष्टींवर येऊन ठरतो. पोलिसाला जाब विचारणारा कोण आहे, ही पहिली. आणि ‘लोक’ म्हणून कोणाला धरले जाते, ही दुसरी.

इंग्रज येण्यापूर्वी मराठी मुलखात गावाचा बंदोबस्त गावच करत असे. पाटील गावाचा मुख्य. त्याच्या हाताखाली महार, आणि पुण्या-साताऱ्याकडे रामोशी जागले. रात्री गस्त घालायची, परका माणूस गावात आला तर पाटलाला कळवायचे, शिवेवर नजर ठेवायची आणि चोरी झाली तर माग काढायचा, ही त्यांची कामे. मागाची पद्धत मोठी विचार करून घातलेली होती. चोराच्या पावलांचा माग आपल्या शिवेबाहेर नेऊन दाखवला की गावाची जबाबदारी संपायची आणि पुढच्या गावाची सुरू व्हायची. ज्या गावात माग हरवला, त्या गावाने एकतर चोर द्यायचा नाहीतर चोरीचा माल भरून द्यायचा. १८१९ साली माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात या व्यवस्थेची दखल घेतली आहे. चोरी उघडकीला आली नाही तर सगळ्या गावाच्या खिशाला झळ बसणार, त्यामुळे गाव जागे राहत होते.

या व्यवस्थेचे गोडवे गाणारे लिखाण आपल्याकडे भरपूर आहे. ते वाचताना एक गोष्ट विसरता येत नाही. रात्री शिवेवर उभा राहणारा महार सकाळी त्याच गावाच्या विहिरीवर पाणी भरू शकत नव्हता. पाटलाकडे फिर्याद न्यायची तर ती कोणाची ऐकली जाईल, हे जातीवर ठरत होते. जबाबदारी गावाला होती हे खरे, पण गाव म्हणजे त्यातले वरचे लोक होते.

शहरात कोतवाल असे. पुण्याच्या घाशीराम कोतवालाचे नाव विजय तेंडुलकरांच्या १९७२ सालच्या नाटकाने घरोघरी पोहोचवले, पण मूळ घटना पेशवाईतली, १७९१ची. नाना फडणविसांच्या मर्जीतला हा कोतवाल. रात्रीची तोफ झाली की रस्त्यावर दिसेल त्याला चौकीत बसवायचे, असा त्याचा अंमल. तेलंगी ब्राह्मणांच्या एका जथ्याला त्याच्या माणसांनी कोंडून ठेवले आणि त्यातले बरेच जण गुदमरून मेले. पुण्यातले ब्राह्मण खवळून उठले, नानांना त्याच्यावरचा हात काढून घ्यावा लागला आणि लोकांनी घाशीरामाला दगडांनी ठेचून मारले. इतकी वर्षे त्याच्या चौकीत बसलेल्या इतर लोकांसाठी पुणे उठले नव्हते. कोतवालाला जाब विचारणारे त्याचे एक धनी होते. ते जोवर विचारत नाहीत, तोवर दुसरा मार्ग दंगलीचाच उरत होता.

इंग्रजांनी जागल्यांच्या हक्कांना हात घातला तेव्हा पहिला मोठा भडका पुरंदर भागातच उडाला. गडांची राखण गेली, वतने-हक्क बुडाले आणि बंदोबस्त करणारेच बंडावर आले. उमाजी नाईक त्यांचा पुढारी. मध्यंतरी सरकारने त्याला माफी देऊन त्याच्याकडेच बंदोबस्ताचे काम दिले होते. ते टिकले नाही. ३ फेब्रुवारी १८३२ला पुण्यात त्याला फाशी झाली. पोलीस व्यवस्था बदलली की कोणाची तरी भाकरी जाते आणि तो माणूस ते विसरत नाही. सुधारणांच्या इतिहासात ही बाजू क्वचितच नोंदली जाते.

त्याच सुमारास लंडनमध्ये एक नवा प्रयोग सुरू झाला होता. गृहमंत्री रॉबर्ट पील याने कायदा करवून घेतला आणि २९ सप्टेंबर १८२९ला नव्या पोलिसांनी पहिली गस्त घातली. लष्कराचा डगला लाल होता म्हणून यांचा मुद्दाम निळा ठेवला. हातात बंदूक दिली नाही, दंडुका दिला. प्रत्येकाच्या कॉलरवर त्याचे अक्षर आणि नंबर होता, म्हणजे शिपायाने आगळीक केली तर लोकांना नंबर सांगून तक्रार करता यावी. तरीही लंडनकरांनी या पोलिसांना लगेच आपले म्हटले नाही. १८३३ साली कोल्डबाथ फील्ड्सच्या सभेत लाठी चालली, एका शिपायाला जमावातल्या कोणीतरी भोसकून मारले, आणि मृत्यूच्या चौकशीला बसलेल्या ज्युरीने निकाल दिला की हा वध समर्थनीय होता. पोलिसाच्या खुनाला नागरिकांनी असा कौल द्यावा, इतका तेव्हा राग होता. आज ‘पीलची नऊ तत्त्वे’ म्हणून जी यादी जगभरच्या पोलीस प्रशिक्षणात शिकवली जाते, ती त्या शब्दांत पीलने लिहिलेली नाही. विसाव्या शतकातल्या इतिहासकारांनी ती मांडली. लंडनच्या पोलिसाला मिळालेला विश्वास पहिल्या दिवशी कागदावर लिहून मिळाला नव्हता. तो पुढच्या कित्येक वर्षांत रस्त्यावर, पायी फिरून, थोडाथोडा जमला.

पण आपल्याकडे हा लंडनचा पोलीस आलाच नाही. आला तो आयर्लंडचा. ज्या देशावर बळाने राज्य करायचे होते तिथे इंग्रजांनी वेगळे दल उभारले होते. शिपाई हत्यारबंद, राहणे बराकीत, आणि कोणाचीही नेमणूक त्याच्या स्वतःच्या परगण्यात करायची नाही, म्हणजे लोकांशी सूत जुळायला नको. चार्ल्स नेपियरने १८४३ साली सिंध जिंकले तेव्हा त्याने हाच नमुना तिथे आणला. पुढे १८४७ साली सिंध मुंबई सरकारच्या ताब्यात आले. मुंबईचा गव्हर्नर जॉर्ज क्लार्क सिंध पाहून आला, त्याला ही घडी पसंत पडली, आणि १८५३च्या सुमारास मुंबई इलाख्यातल्या जिल्ह्यांना पोलीस सुपरिंटेंडेंट मिळाले. १८५७चा उठाव झाल्यावर सरकारला घाई सुटली. १८६०चा पोलीस आयोग नेमला गेला आणि त्यातून १८६१चा पोलीस कायदा निघाला. मुंबई इलाख्याने आपले वेगळे कायदे केले, १८६७चा जिल्हा पोलीस कायदा, मग १८९०चा, आणि मुंबई शहरासाठी १९०२चा. साचा तोच. शिपाई जमादाराला जबाबदार, जमादार फौजदाराला, फौजदार सुपरिंटेंडेंटला आणि तो कलेक्टरला. या साखळीतली प्रत्येक कडी वरच्या कडीकडे पाहत होती. खाली, ज्यांच्यात राहून काम करायचे त्यांच्याकडे पाहणारी एकही नव्हती.

गावचा पाटील मात्र इंग्रजांनी मोडला नाही. १८६७च्याच ग्रामपोलीस कायद्याने त्याला सरकारी साखळीच्या तळाला जोडून घेतले. पोलीस पाटील हे पद महाराष्ट्रात आजही आहे. १९६७ सालच्या कायद्याने त्याचे वतनी स्वरूप संपले आणि आता कोणत्याही जातीची बाई किंवा पुरुष पोलीस पाटील होऊ शकतो. जुन्या आणि नव्या व्यवस्थेतला तेवढा एक दुवा टिकून राहिला.

सगळ्यात मोठी जखम १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने केली. अमुक जातीत जन्मला म्हणून माणूस गुन्हेगार, हे कायद्यात लिहिले गेले. १९११च्या सुधारणेनंतर हा कायदा मुंबई इलाख्यातही लागू झाला. पारधी, कैकाडी, मांगगारुडी, भामटा अशा जमातींना पोलिसांकडे हजेरी लावावी लागे. सोलापूरला तारेच्या कुंपणात वसाहत केली. तिथले लोक दिवसा गिरणीत राबायचे आणि संध्याकाळी कुंपणात परतायचे. ३१ ऑगस्ट १९५२ला कायदा रद्द झाला. भटके-विमुक्त आजही तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. पण ठाण्यातली सवय एका दिवसात जात नाही. लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ १९८७ साली आले तेव्हा अनेक मराठी वाचकांना पहिल्यांदा कळले की काही घरांत पोलिसांची धाड हा बालपणाचा रोजचा भाग असतो. आजही गावाशेजारी चोरी झाली की पारध्यांच्या पालावर आधी गाडी जाते. लोक आणि पोलीस यांच्या संबंधांविषयी बोलताना आपण मध्यमवर्गीय माणूस डोळ्यांपुढे धरतो. ठाण्यात खुर्ची मिळाली की नाही, एवढ्यावर त्याचे मत ठरते. पालावरच्या बाईला खुर्चीची अपेक्षाच नसते. नवरा घरी परत यावा, एवढीच असते.

मुंबई शहराची गोष्ट थोडी वेगळी घडली. १८५७च्या धामधुमीत शहर सांभाळणारा चार्ल्स फोर्जेट इथेच वाढलेला होता, त्याला इथल्या भाषा येत होत्या आणि वेष पालटून तो वस्त्यांतून फिरत असे. ते फिरणे अर्थात सरकारसाठी बातमी काढायला होते. १८६४ साली फ्रँक साउटर पहिला पोलीस कमिशनर झाला. पुढच्या काळात निळा पोशाख आणि पिवळी टोपी घातलेला हवालदार मुंबईच्या रस्त्याचा भाग बनला. तो बहुतेक कोकणातून किंवा घाटावरून आलेला, चाळीत राहणारा, गिरणीकामगाराचा गाववाला. १९७५ साली दादा कोंडक्यांचा ‘पांडू हवालदार’ आला तेव्हा प्रेक्षक त्याला हसले त्यात माया होती. साहेबाविषयी धाक आणि हवालदाराविषयी आपलेपणा, अशी ही दुहेरी भावना मुंबईत बरीच वर्षे टिकली.

स्वातंत्र्यानंतर १९५१चा मुंबई पोलीस कायदा झाला, आज तो महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणून ओळखला जातो. त्याने जुने कायदे एकत्र केले. साखळीची दिशा बदलली नाही. ती बदलायची गरज आहे हे देशाला दाखवून दिले ते तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज ठाण्याने. मार्च १९७२ मध्ये तिथे एका आदिवासी मुलीवर ठाण्याच्या आवारातच बलात्कार झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली दोन्ही आरोपी पोलिसांना सोडले. तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, तिने आरडाओरडा केला नाही, असा युक्तिवाद त्यात होता. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी १९७९ साली सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. मुंबई-पुण्यापासून दिल्लीपर्यंत बायका रस्त्यावर आल्या. १९८३ साली कायदा बदलला. कोठडीतला बलात्कार हा वेगळा आणि जास्त गंभीर गुन्हा ठरला. अशा खटल्यात संबंध झाल्याचे सिद्ध झाले आणि बाईने संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालयाने ते खरे धरून चालायचे, असा नियम झाला. एका ठाण्यातल्या अन्यायाने सबंध देशाचा पुराव्याचा नियम फिरवला. ज्या मुलीमुळे हे झाले, तिला स्वतःला मात्र न्याय मिळाला नाही.

जगात इतरत्र याच काळात वेगळा धडा शिकला जात होता. अमेरिकेने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पोलिसाला गाडी, वायरलेस आणि टेलिफोन दिला. तो झटपट पोहोचू लागला, पण लोकांना दिसेनासा झाला. १९७२-७३ साली कॅन्सस सिटीत मोजमाप करून पाहिले. शहराच्या काही भागांत गाडीची गस्त बंद केली, काहींत दुपटी-तिपटीने वाढवली, काहींत होती तशी ठेवली. गुन्ह्यांत लक्षणीय फरक पडला नाही. एवढेच काय, लोकांना बदल झाल्याचे जाणवलेही नाही. पुढे न्यूअर्कमध्ये पायी गस्त सुरू केली तेव्हा गुन्हे काही कमी झाले नाहीत, पण लोकांची भीती कमी झाली. ओळखीचा पोलीस दिसण्याचे मोल या दोन प्रयोगांनी आकड्यांत मांडून दाखवले.

आपल्याकडे त्याचे उत्तर भिवंडीने दिले, आणि माझ्या मते महाराष्ट्र पोलिसांच्या इतिहासातले ते सगळ्यात मोलाचे पान आहे.

भिवंडी यंत्रमागांचे गाव. उत्तर प्रदेशातून आलेले विणकर, तेलुगू पद्मशाली, मराठी आगरी आणि कुणबी, कोकणी मुसलमान, सगळे एकमेकांना खेटून राहणारे. १९७०च्या मे महिन्यात शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून इथे भयंकर दंगल झाली. तिच्या चौकशीला नेमलेल्या न्यायमूर्ती मादन आयोगाने पोलिसांच्या पक्षपातावर कडक ताशेरे ओढले. १९८४ साली पुन्हा तेच झाले. १९८८ साली सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले. दंगलीनंतर शांतता समिती नेमण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. त्या समितीत कोण असते, हे सगळ्यांना माहीत आहे. दोन्हीकडचे पुढारी, काही प्रतिष्ठित आणि वेळप्रसंगी ज्यांनी आग लावली तेही. खोपड्यांनी ही रीत उलटी केली. दंगल नसताना समित्या नेमल्या. गावभर मिळून सुमारे ७० मोहल्ला समित्या झाल्या. त्यांत हिंदू आणि मुसलमान बरोबरीने घेतले, आणि पुढाऱ्यांऐवजी त्या गल्लीत राहणारी साधी माणसे निवडली. बैठकांना त्या भागातला पोलीस हजर राहायचा. वरच्या साहेबाने महिन्यातून एकदा येऊन भाषण करून जायचे, असा तो प्रकार नव्हता.

या बैठकांत सुरुवातीला धर्माचे नावही निघत नसे. नळाला पाणी नाही, गटार तुंबले आहे, शेजारच्या लाऊडस्पीकरचा त्रास होतो, पोरांची भांडणे होतात, असे विषय. हे पोलिसाचे काम नव्हे, असे कोणी म्हणू शकेल. पण त्यातूनच पोलिसाला कळले की कोणत्या गल्लीत कोण कोणाचे ऐकतो. लोकांनाही कळले की ठाण्यात गेलो तर आपल्याला नावाने ओळखणारा एक माणूस आहे. अफवा उठली की ती खरी का खोटी हे विचारायला हिंदू माणूस मुसलमान सभासदाकडे आणि मुसलमान हिंदूकडे जाऊ शकत होता. दंगलीत अफवा किती माणसे मारते हे ज्याने पाहिले आहे, त्याला याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

खोपड्यांनंतर आलेले उपायुक्त गुलाबराव पोळ यांनी आधीच्या साहेबाचे काम म्हणून समित्या बाजूला सारल्या नाहीत, चालू ठेवल्या. सरकारी खात्यात हे किती दुर्मीळ आहे! ६ डिसेंबर १९९२ला बाबरी मशीद पडली. मुंबई डिसेंबरात आणि पुन्हा जानेवारीत पेटली. पन्नासेक किलोमीटरवरची भिवंडी, जिच्याविषयी सगळ्यांना सगळ्यात जास्त भीती होती, शांत राहिली. पुढे खोपड्यांनी ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ हे पुस्तक लिहिले. राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनीही दंगलींच्या आपल्या अभ्यासात भिवंडीचा दाखला घेतला. एरवी समाजात मिसळलेल्या संघटना आपोआप जे काम करतात, ते इथे पोलिसांनी पुढाकार घेऊन घडवले, हे त्यांना विशेष वाटले.

मुंबईचा हिशेब न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने १९९८ साली मांडला. दोन्ही टप्प्यांत मिळून ९०० माणसे मेली. ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, बाकीचे इतर आणि ओळख न पटलेले. यातली ३५६ माणसे पोलिसांच्या गोळीबारात मेली. मुसलमानांविषयीचा आकस पोलीस दलात खोलवर असल्याचे आयोगाने लिहिले आणि ३१ पोलिसांवर ठपका ठेवला. पोलीस बाहेरून येत नाही, आपल्यातूनच येतो. समाजातली जात आणि धर्म तो वर्दीच्या आत घेऊन येतो. त्यामुळे पोलीस लोकांच्या जवळ गेला की सगळे ठीक होईल, हे म्हणणे अपुरे आहे. तो सगळ्यांच्या जवळ जातो का, हे पाहावे लागते.

दंगलीनंतर आयुक्त सतीश साहनी यांनी भिवंडीचा धडा मुंबईत आणला. माजी आयुक्त ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे, एफ. टी. खोराकीवाला अशी माणसे सोबत आली आणि १९९४ साली मोहल्ला कमिटी चळवळ उभी राहिली. वस्त्यांमधल्या बैठका, क्रिकेटचे सामने, ठाण्यातल्या तक्रारींचा पाठपुरावा अशी कामे तिने पुढे अनेक वर्षे केली.

भिवंडीचा शेवट गोड झाला असे मात्र सांगता येत नाही. जुलै २००६ मध्ये कब्रस्तानालगत पोलीस ठाणे बांधण्यावरून वाद पेटला. पोलिसांच्या गोळीबारात दोन जण मेले, आणि त्याच रात्री जमावाने दोन पोलिसांना ठार मारले. चौदा वर्षांपूर्वी ज्या गावाने सबंध देशाला दाखला दिला, त्या गावात हे घडले. समित्या कागदावर असल्या तरी चालत नाहीत. त्या रोज चालवाव्या लागतात. अधिकारी बदलतो, प्राधान्य बदलते, आणि बीटच्या पोलिसाला बैठकीपेक्षा बंदोबस्ताला धाडणे सोपे पडते.

याच विचाराची गावपातळीवरची आवृत्ती म्हणजे आर. आर. पाटील गृहमंत्री असताना १५ ऑगस्ट २००७ला सुरू झालेली महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम. गावाने समिती नेमायची, बांधाचे, वाटेचे, भाऊबंदकीचे तंटे गावातच मिटवायचे आणि तंटामुक्त गावाला सरकारने बक्षीस द्यायचे. बांधावरून तीन पिढ्या कोर्टात गेलेल्या घरांना यातून खरोखर सुटका मिळाली, हे मान्य केले पाहिजे. पण बक्षीस तंटे कमी दिसण्यावर अवलंबून असेल तर मार खाणाऱ्या बाईला ‘मिटवून घे’ असेच सांगितले जाणार. मोहिमेच्या आदल्याच वर्षी, २९ सप्टेंबर २००६ला, भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत एका दलित कुटुंबातली आई, मुलगी आणि दोन मुलगे जमावाने मारले. त्याआधी त्या कुटुंबाला मदत करणाऱ्या शेजारच्या गावच्या दलित पोलीस पाटलाला मारहाण झाली होती, आणि मायलेकींनी त्या प्रकरणात साक्ष दिली होती. ठाण्यापर्यंत खबर गेली होती. पोलीस वेळेवर आले नाहीत. अशा गावात ‘गावाने आपसात मिटवावे’ याचा अर्थ काय उरतो? तिथे त्या घराला गावापासून वाचवणारा, गावाबाहेरचा, कायद्याला बांधलेला पोलीस हवा होता. लोकाभिमुख पोलीस हवा म्हणताना ही दुसरी गरजही तितक्याच जोराने सांगितली पाहिजे.

गुन्ह्याची नोंद हा या सगळ्याचा रोजचा कस. माणूस ठाण्यात येतो, ठाणे अंमलदार ऐकतो आणि बऱ्याचदा एनसी लिहून हातात कागद देतो. अदखलपात्र, म्हणजे पुढे तपास नाही. प्रत्येक वेळी ही हयगय नसते. गुन्हा दाखल केला तर ठाण्याचा आकडा वाढतो, वरचे साहेब आढावा बैठकीत विचारतात की तुमच्याकडे गुन्हे का वाढले. न नोंदवलेल्या गुन्ह्याचे कोणी विचारत नाही. दखलपात्र गुन्ह्याची खबर आली की नोंद करणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१३ मध्ये ललिताकुमारी खटल्यात बजावले. पण आकड्यांवरून ठाण्याची लायकी ठरवणे थांबत नाही तोवर हा निकाल वकिलांच्या पुस्तकात जास्त आणि ठाण्याच्या टेबलावर कमी दिसणार.

जबाबदारीची दिशा बदलायचा सर्वात मोठा प्रयत्नही न्यायालयानेच केला. निवृत्त पोलीस महासंचालक प्रकाश सिंह यांच्या याचिकेवर २२ सप्टेंबर २००६ला सर्वोच्च न्यायालयाने सात निर्देश दिले. अधिकाऱ्याला ठरावीक काळ एका जागी ठेवा, तपास आणि बंदोबस्त वेगळे करा, पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमा, हे त्यातले महत्त्वाचे. महाराष्ट्राने २०१४ साली कायदा दुरुस्त करून पोलीस तक्रार प्राधिकरणाची तरतूद केली आणि बदल्यांचे नियम घातले. पीलच्या शिपायाच्या कॉलरवरच्या नंबराला जे काम करायचे होते, तेच या प्राधिकरणाकडून अपेक्षित आहे. ते आहे हेच किती नागरिकांना माहीत आहे? ठाण्याच्या दर्शनी भिंतीवर त्याचा पत्ता ठळक लावायला खर्च येत नाही.

शिपायाविषयी बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही, कारण लोकांना भेटणारा पोलीस म्हणजे शिपाई आणि हवालदार. १८ ऑगस्ट १९८२ला मुंबईच्या पोलिसांनी संप केला. घरे, कामाचे तास, साहेबांच्या घरची कामे अशी त्यांची गाऱ्हाणी होती. लष्कर बोलावले गेले, संघटनेची मान्यता गेली, गाऱ्हाणी बरीचशी तशीच राहिली. बारा-बारा, कधी सोळा तास उभा राहिलेला माणूस रात्री तक्रार घेऊन आलेल्या म्हातारीशी कसा बोलेल, हा शिष्टाचाराच्या शिबिराचा प्रश्न नाही. २०१६च्या मे महिन्यात मुंबईच्या देवनार ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला. त्याचे वेळापत्रक त्याच ठाण्यातल्या एका शिपायाने आखले होते, आणि आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी ते उचलून धरले. पुढे शहरातल्या इतर ठाण्यांत ते पसरले. दीडशे वर्षे वरून खाली हुकूम येण्याची सवय असलेल्या खात्यात खालच्या माणसाची सूचना वर गेली आणि अमलात आली.

२०१४च्या दुरुस्तीत शिपाई वर्गाला एका नेमणुकीवर साधारण पाच वर्षे ठेवण्याची तरतूद आहे. बीटवरची घरे, भांडणे, कोणाचा मुलगा वाया चालला आहे आणि कोणत्या घरात बाई मार खाते, हे कळायला पाच वर्षे पुरतात. त्या पाच वर्षांतले किती दिवस तो बीटवर असतो आणि किती दिवस गणपती, सभा, मोर्चे, व्हीआयपी यांच्या बंदोबस्तात जातात, याचा हिशेब प्रत्येक ठाण्याच्या हजेरीपटावर लिहिलेला असतो. पोलीस ठाण्याचा वार्षिक आढावा घेताना गुन्ह्यांच्या आकड्याशेजारी तोही आकडा मागवायला गृहखात्याला नवा कायदा करावा लागणार नाही.